जॅक पत्र्यातून वर आला तेव्हा: १९७८च्या पद्मिनीच्या गंजाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी हँडगिअर. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नसे, ती ‘फियाट’च. रत्नागिरीजवळच्या एका गावात, खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर घर. मालकांनी ती नवी घेतली आणि २०१६पर्यंत स्वतः चालवली. ते गेले आणि गाडी अंगणातल्या मांडवात उभी राहिली. मुलगा पुण्यात नोकरीला. काकूंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीनं, गाडीवर निळी ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दोरीनं आवळली आणि दर पावसाळ्याआधी नवी आणून बदलली. सहा वर्षं हे चाललं.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या गाड्यांच्या पत्र्याचं आणि बॉडीचं काम आहे. माणसांची नावं, गाव आणि गाडीचा नंबर इथे दिलेला नाही. बाकी सगळं घडलं तसंच लिहितोय, आमच्या हातून झालेल्या चुकीसकट. समुद्रकाठी अशा अनेक फियाट आणि अँबॅसिडर अजून मांडवात उभ्या आहेत आणि त्यांच्या घरच्यांना बहुतेक वेळा ‘लांबी भरा, रंग मारा’ एवढाच सल्ला मिळतो. लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी.

अडचण कशी उघड झाली

२०२२च्या दिवाळीत मुलगा गावी आला. बॅटरी नवी घातली, थोडी खटपट केली आणि इंजिन सुरू झालं. सगळ्यांना वाटलं, गाडी ठणठणीत आहे. एका चाकात हवा राहत नव्हती म्हणून त्यानं दाराखाली, जॅक लावायच्या ठरलेल्या जागी जॅक लावला. दांडा फिरवत गेला तसा जॅक वर येत गेला, गाडी मात्र जागची हलेना. मग करकर आवाज झाला आणि जॅकचं टोक सीटच्या कडेला मॅटखालून वर आलं. त्यानं मला तो फोटो पाठवला. फोटोत मॅटला आलेला उंचवटा दिसतो आणि शेजारी तपकिरी भुगा.

ट्रक किंवा जुनी जीप घ्या, खाली लोखंडी चासी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. बॉडी कुजली तरी चासी भार घेते. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. पत्रे वाकवून, एकमेकांना स्पॉट वेल्डिंगनं (ठिपक्या-ठिपक्यांच्या जोडांनी) जोडून ज्या बंद पेट्या तयार होतात त्याच तिचा सांगाडा. दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या लांब पेट्या (आम्ही त्यांना सिल म्हणतो), पुढून इंजिनाखाली जाणारे दोन रेल, मागे पाट्यांवरून (मागच्या धुऱ्याच्या लोखंडी स्प्रिंगवरून) जाणारे दोन रेल आणि मधली जमीन, म्हणजे गाडीच्या तळाचा पत्रा, हे सगळं मिळून गाडी उभी राहते. काडेपेटीच्या बाहेरच्या खोक्याची एक कड फाडून बघा, ते लगेच हातात पिळतं. सिल आतून गेलं की गाडीचं तेच होतं.

पुढच्या रविवारी मी आणि आमचे मिस्त्री रत्नागिरीला गेलो. मिस्त्रींनी चाळीस वर्षं पत्राच ठोकलाय. त्यांनी आधी रंगाकडे पाहिलंच नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरवलं. जिथे ते चिकटत नव्हतं तिथे खाली लोखंड नव्हतं, लांबी होती, काही ठिकाणी बोटभर जाड. मग छोट्या हातोडीनं सिल वाजवत गेले. पुढच्या टोकाला ‘ठण’, मधे ‘थप’, मागच्या चाकाजवळ आवाजच नाही, नुसता भुगा झडला. मागच्या डाव्या पाट्याचा पुढचा कान जिथे बॉडीला बसतो, तिथे पेचकस दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मिस्त्री उठले, हात पुसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “अण्णा, ही गाडी रस्त्यावर सोडायची नाही. पाटा सुटला तर मागचा धुरा तिरका होईल.”

खाली सरपटत गेल्यावर कारण दिसलं. कधीकाळी, बहुधा नव्वदच्या दशकात, कुणीतरी गाडीच्या पोटाला डांबराचा जाड थर दिला होता. हेतू चांगला होता. पण सिलच्या तळाला पाणी निथळायला ठेवलेली भोकं त्या डांबरानं बुजली. दाराच्या काचेवरून उतरणारं पाणी, धुताना शिरलेलं पाणी, सगळं पेटीत साचत राहिलं. घरची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते आणि गाडी त्याच पाण्यानं धुतली जायची. मीठ स्वतःच हवेतली ओल ओढून धरतं. पाणी दिसत नसलं तरी मिठाच्या थराखाली पत्रा ओलाच राहतो आणि गंज चालू राहतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं. त्यामुळे जिथे दोन पत्रे एकमेकांवर स्पॉट केलेले असतात, तिथे मधला गंज फुगून त्यांना पापुद्र्यांसारखं उचकटतो.

त्यात ताडपत्री. वर पाऊस अडला, पण खालून जांभ्या मातीची वाफ वर येत राहिली आणि घट्ट आवळलेल्या ताडपत्रीखाली रात्री थंड पत्र्यावर तिचे थेंब धरत राहिले. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सहा पावसाळे गाडी त्या दमटपणात कोंडलेली होती. काकूंना हे सांगायला मला जड गेलं. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे तर म्हणायचे, गाडी उघडी ठेवली तर खराब होते.”

समोरचे पर्याय

पहिला पर्याय भंगाराचा. तो मी आधी मांडतो, कारण माणसाच्या जिवाशी खेळ होणार असेल तर तोच बरोबर असतो. मुलाला तो नको होता, पण त्यानं तो ऐकून घेतला.

दुसरा पर्याय गावातल्या एकानं सुचवला होता: वरून पत्र्याचे तुकडे गॅस वेल्डिंगनं चिकटवायचे, लांबी, रंग, आणि आरटीओत नूतनीकरण करून आणायचं. खर्च साठ-सत्तर हजार. याला मी सरळ नकार दिला. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा डागला तर वेल्डिंग धरतं कशाला? कडेच्या कागदासारख्या पापुद्र्याला. आणि मधे अडकलेला गंज आणखी जोमानं वाढतो. बाहेरून गाडी नवी दिसते आणि आतून आणखी धोकादायक होते.

तिसरा पर्याय ऐकायला सोपा: सोलापूर-मराठवाड्याच्या कोरड्या भागातली चांगल्या बॉडीची दुसरी पद्मिनी घ्यायची आणि या गाडीचं इंजिन, सीटा, मीटर तिच्यात बसवायचं. पण मग कागदोपत्री ती गाडी दुसरीच ठरते. ज्या बॉडीवर चासी नंबर कोरलेला तीच गाडी. नंबराचा पत्रा कापून दुसऱ्या बॉडीत डागणं हा गुन्हा आहे. असं काम कुणी करून देतो म्हणाला तर त्याच्या दारात गाडी नेऊ नये.

चौथा पर्याय, गाडी न चालवता फक्त आठवण म्हणून नीट उभी ठेवायची. बाहेरून स्वच्छ करायची, आतून मेण मारायचं, ताडपत्री काढून वारा खेळेल असं छप्पर बांधायचं. खर्च सगळ्यात कमी. हा पर्याय मला अजूनही वाईट वाटत नाही. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांना मी हाच सांगतो.

पाचवा, कुजलेला प्रत्येक भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढायचा आणि मूळ आकाराचा नवा बसवायचा. खर्चाचा अंदाज मी एक लाख साठ हजार दिला, वेळ चार महिने. मुलानं दोन दिवस घेतले आणि हा पर्याय निवडला. एक अट आम्ही दोघांनी मिळून घातली: आकार आणि जाडी मूळचीच ठेवायची, कुठेही जादा पट्टी मारून ‘मजबूत’ करायचं नाही. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. ही गाडी २०२८मध्ये पन्नाशीची होईल. म्हणून कापण्याआधी आणि जोडल्यावर प्रत्येक जागेचा फोटो काढायचा असं ठरवलं.

गाडी कोल्हापूरला आणताना

मुलाला गाडी चालवत आणायची होती. ‘इंजिन छान चालतंय, हळूहळू येऊ.’ रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता आंबा घाटातून जातो. चढ, वळणं आणि सहा वर्षं पडून असलेले ब्रेक. ब्रेकचे लोखंडी पाइपही त्याच जमिनीखालून मागे जातात आणि गंज पत्रा खातो तेव्हा पाइप सोडत नाही. मी म्हटलं, ट्रेलरवर आणा. ट्रेलरचे पैसे जातील म्हणून तो जरा नाराज होता. कोल्हापुरात पाइप काढताना मागचा पाइप हातात दोन तुकडे होऊन आला. तो तुकडा त्यानं मागून घेतला, अजून त्याच्याकडे आहे.

ट्रेलरवर चढवताना एक गोष्ट बघून घेतली. मागून दोरखंड ताणला तेव्हा पुढचं डावं दार आपोआप उघडलं. म्हणजे गाडी मधे वाकत होती.

काम आणि आमची चूक

आधी सीटा, मॅट, काचा आणि पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी काढली. टाकी जागेवर ठेवून तिच्या आसपास वेल्डिंग करणं हे अपघाताला दिलेलं आमंत्रण आहे, टाकी रिकामी असली तरी, कारण आत वाफ राहते. गाडी चाकांच्या धुऱ्यांखाली स्टँड लावून समतल उभी केली, म्हणजे वजन तिच्या नेहमीच्या जागांवरच राहील.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आधार द्यायचे असतात. एक इंची चौकोनी पाइप फुली मारून डागले. डाव्या बाजूला आधार दिला, उजव्या बाजूला दिला आणि मी समाधान मानलं. डाव्या दारापासून उजव्या दारापर्यंत आडवा आधार दिला नाही. मिस्त्रींनी विचारलं होतं, “आडवा पाइप टाकू का?” मी म्हटलं, जमीन अजून आहे की, ती धरेल. हा निर्णय माझा होता.

डावं सिल बाहेरून कापलं तेव्हा आतून सुमारे दोन घमेली गंज, माती आणि उंदराचं घरटं निघालं. सिलचा आतला पत्राही हातानं तुटत होता. तोही काढला. जमिनीची कड त्याच पत्र्याला धरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दार बसवून पाहिलं तर वरच्या कोपऱ्यात चार मिलिमीटरची फट नऊ झाली होती आणि खालची जवळजवळ मिटली होती. रात्रीत गाडी पिळली. जमीन धरेल असं मला वाटलं होतं, पण जमिनीचा निम्मा भाग लांबी आणि डांबराचाच होता.

टाके (तात्पुरते वेल्डिंगचे ठिपके) घातलेले दोन तुकडे ग्राइंडरनं सोडवले. आडवे तीन पाइप टाकले, एक पुढे, एक मधे, एक मागे. मग जुन्या फोटोंवरून आणि चांगल्या राहिलेल्या उजव्या बाजूवरून बिजागरीपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी मापं घेतली आणि जॅकनं थोडं थोडं करत फट परत चारवर आणली. पाच दिवस गेले. ते पैसे आम्ही मालकांकडून घेतले नाहीत.

उघडल्यावर दुसरा धक्का बसला. मागचा डावा रेल पाट्याच्या कानापासून पुढे जवळजवळ दीड फूट पूर्ण गेलेला होता. मी आधी फक्त पेचकसानं पाहिलं होतं, आतून नाही. आता खर्च तीन लाखांच्या वर जात होता. मी मुलाला फोन केला आणि थांबायचं असेल तर आत्ताच थांबा असं सांगितलं.

“थांबलो तर आत्तापर्यंतचे पैसे गेले?”

“गेले. आणि गाडी उभीच राहील.”

“आणि पुढे गेलो तर आणखी काही निघेल का?”

“उजवा रेल आत्ता मी स्वतः उघडून बघतो, मगच आकडा सांगतो.”

या वेळी भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत घातला. उजव्या रेलला वरवर गंज होता, खड्डे होते, पण पत्रा शाबूत. आकडा तीन लाख दहा हजार सांगितला, लिहून दिला, आणि तो तिथेच थांबला.

नवा पत्रा कोणता, यावर वाद झाला. आमच्या एका पोराचं म्हणणं, जीपी पत्रा घेऊ, त्यावर जस्ताचा मुलामा असतो, गंजणार नाही. एक तुकडा त्यानं डागूनही बघितला. जस्त जळून पांढरा धूर निघाला आणि त्या रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला. सकाळी ठीक होता, पण हा जस्ताच्या धुराचाच ताप, तो आम्हाला ओळखीचा आहे. शिवाय वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, म्हणजे जिथे हवं तिथेच मुलामा उरत नाही. आम्ही सीआर पत्रा घेतला, म्हणजे मुलामा नसलेला साधा पत्रा. सिलसाठी १८ गेज, जमिनीसाठी २० गेज. जोडाच्या आत, दोन पत्र्यांच्या मधे, जस्ताचा वेल्डिंगमधूनही टिकणारा प्रायमर मारला.

डाव्या सिलचा बाहेरचा आकार हातानं वळवणं अवघड होतं. सोलापूरकडच्या एका भंगारातल्या पद्मिनीचं सिल मिळालं, कोरड्या हवेतलं, रंगाखाली चकचकीत. त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद पाहिला, बिल घेतलं, मगच तुकडा उचलला. बाकीचं सगळं मिस्त्रींनी लाकडी ठोकळ्यावर ठोकून वळवलं.

जोड सगळे सीओटू वेल्डिंगनं, म्हणजे वायूच्या आवरणात तार वितळवून. कारखान्यात जिथे स्पॉट होते तिथे नव्या पत्र्याला आठ मिलिमीटरचं भोक पाडून ते वेल्डिंगनं भरलं, स्पॉटच्याच अंतरावर. लांब जोडात एका दमात रेघ ओढली नाही. इंचभर इथे, मग चार इंच सोडून तिथे, हात लावून थंड झाल्याची खात्री करून पुन्हा मधे. मिस्त्री डागण्याचा आवाज ऐकूनच तार आणि करंट जुळवतात. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा एकसारखा तडतडाट आला की मान हलवतात.

पेट्या बंद झाल्यावर तळाला पुन्हा भोकं पाडली, मूळ जागी. आतून इपॉक्सी प्रायमर पिचकारीनं लांब नळीतून मारला आणि तो सुकल्यावर पातळ गंजरोधक मेण. जुनं इंजिन ऑइल आत ओतायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. ती मी करत नाही. जळक्या तेलात आम्ल असतं आणि ते चार महिन्यांत निथळून जातं. शाबूत पण खड्डे पडलेल्या उजव्या रेलला मात्र गंजरूपांतरक, म्हणजे वरवरच्या गंजाला टिकाऊ थरात बदलणारं रसायन, लावलं. त्याचा उपयोग तेवढाच. आरपार गेलेल्या पत्र्याला तो जोडत नाही.

निकाल

२०२३च्या मेमध्ये गाडी तयार झाली, ठरल्यापेक्षा दीड महिना उशिरा. बॉडी जॅकवर उचलून चारी दारं उघडून-मिटून पाहिली, चारही अलगद बसली. २०१८मध्ये संपलेल्या नोंदणीचं नूतनीकरण, पाच हजार रुपये शुल्क, उशिराचा दंड, पर्यावरण कर, निरीक्षकांसमोर गाडी दाखवणं, हे सगळं मुलानं स्वतः केलं. निरीक्षकांनी खाली वाकून पाहिलं आणि सिलचे फोटो मागून बघितले. ब्रेकच्या नव्या पाइपांचीही चौकशी केली.

गणपतीत काकू त्या गाडीतून मूर्ती आणायला गेल्या. मूर्ती मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या, असं मुलानं कळवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. त्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला, कामाचा नव्हता.

ताडपत्री काढली. आता सिमेंटच्या जमिनीवर, चारी बाजूंनी वारा लागेल असं पत्र्याचं छप्पर आहे. गाडी मचूळ पाण्यानं धुवायची नाही, आणि दर पावसाळ्यानंतर तारेनं निथळणीची भोकं मोकळी करायची, एवढं काकूंनी स्वतःकडे घेतलं आहे.

आज तेच काम आलं तर

अंदाजपत्रक देण्याआधी बारीक कॅमेरा सगळ्या पेट्यांत घालीन. तो कॅमेरा हजार-दीड हजारात मिळतो आणि मी तो वापरला असता तर एक लाख साठ हजाराचा चुकीचा आकडा माझ्या तोंडून गेला नसता. त्या आकड्यावर त्या घरानं निर्णय घेतला होता. खरा आकडा आधी कळला असता तर कदाचित त्यांनी चौथा पर्याय घेतला असता, आणि तो त्यांचा हक्क होता.

आडवा आधार कुणी न विचारता टाकीन. जमीन किती चांगली आहे हे कापून बघेपर्यंत ती नाहीच असं धरून चालीन.

आणि उजव्या रेलबद्दल मला अजून शंका आहे. तेव्हा शाबूत होता म्हणून ठेवला, पैसेही हाताबाहेर जात होते. २०२४च्या पावसाळ्यानंतर गाडी तपासायला आली तेव्हा मागच्या उजव्या चाकाच्या वर, जुन्या पत्र्यावर, नाण्याएवढ्या जागी रंग फुगलेला दिसला. हातोडीनं वाजवलं, आवाज ‘ठण’च आला. खरवडून पाहिलं तर खाली खड्डे होते, भोक नव्हतं. जागा साफ करून प्रायमर मारला आणि भोवती खडूनं गोल काढून फोटो घेतला. पुढच्या वेळी गाडी परत येईल तेव्हा त्या गोलाबाहेर फुगवटा गेला असेल, तर तो रेल उघडायचा असं मुलाशी ठरलं आहे.